मेथीची पेंडी

सीपीआरच्या ओपीडीत, मंगळवारी,
केसपेपरच्या पाठीवर
मी दोन मुळ्या काढते समोरासमोर,
मधे बोटभर फट.
ही एक नस, ही दुसरी,
फटीतून निरोप नेतो सेरोटोनिन नावाचा पोस्टमन.
तुमच्यात तो कमी पडलाय.
गोळी त्याला लगेच घरी परतू देत नाही.

अकरा वर्षं हेच चित्र.
हात इतका बसलाय
की काढता काढता बाहेरची रांग मोजून होते.

बाबासो मगदूम, वय एक्कावन्न,
शिरोलीच्या फौंड्रीत मोल्डर.
चार महिने पहाटे तीनला झोप मोडते.
जगावंसं वाटतं का, विचारलं
तर टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले.
चित्र मात्र नीट पाहिलं त्यांनी,
ड्रॉइंग तपासावं तसं, उलटं धरून.
"कमी पडलंय म्हणताय,
तर रक्त बघा की काढून.
साखरंचं बघत्यात तसं.
किती पायजे नि किती हाय."

तशी तपासणी नाही.

अकरा वर्षांत हे मला
कुणी विचारलं नव्हतं,
आणि मीही आपणहून सांगितलं नव्हतं.
पेनाचं टोपण लावलं, काढलं.
म्हटलं, पोस्टमन कमी आहेत
हे तुमच्या डोक्यात शिरून कुणी मोजलेलं नाही.
सांगायला सोपं, म्हणून सांगतो आम्ही.
गोळी फटीत पहिल्याच दिवशी पोचते, हे माहीत आहे.
मन हलायला तीन-चार आठवडे लागतात, हेही.
मधल्या दिवसांत
आत नव्या फांद्या फुटत असाव्यात,
बुजलेल्या वाटा मोकळ्या होत असाव्यात.
असाव्यात. अंदाज आहे.
पुष्कळांना गुण येतो, सगळ्यांना नाही.
नाही आला तर दुसरी गोळी बघू.

वाटलं, आता उठतील, देवऋषी गाठतील.

"म्हंजे रस ओतल्यावानी," ते म्हणाले.
"ओतला म्हंजे झालं न्हाई.
वरनं काळं पडतंय, नव्या पोराला वाटतंय गार झालं,
आत लालच असतंय.
गडबडीनं साचा फोडला की चीर जाती.
आत काय चाललंय
आमास्नी तरी कुटं दिसतंय?
किती थांबायचं, तेवढं ठावं असतंय."

मालूताईंना पाणी आणायला पाठवून
मग हळूच, भिंतीवरच्या कॅलेंडरला उद्देशून,
"आणि ते... रात्रीचं... त्याच्यावर काय हुतंय का?"
होऊ शकतं. लाजून गोळी सोडू नका, मला सांगा.
पहिला आठवडा मळमळेल, जेवून घ्या.
जीव जास्तच घाबरा झाला, नको ते विचार वाढले,
तर मंगळवारची वाट बघायची नाही,
त्याच दिवशी या, रात्र असली तरी, ताईंना घेऊन.
"सवय लागंल?"
दारूसारखी नाही. पण शरीर रुळतं.
एकदम थांबवली तर डोक्यात करंट मारल्यागत होतं.
उतरायचं ते पायरीपायरीनं, माझा हात धरून.

दुसऱ्या फेरीला काहीच नव्हतं.
फक्त मळमळ, आणि मालूताईंचा चेहरा
मला जाब विचारणारा.
मी म्हटलं, साचा.
ते हसले नाहीत. मान हलवली.

सहाव्या आठवड्यात विचारलं, बरं वाटतंय?
"न्हाई ओ, काय तसं न्हाई."
मालूताई मधेच,
"न्हाई कसं! परवा कपिलतीर्थात
मेथीच्या पेंडीवरनं भांडले की हे.
पाच रुपयांसाठी! बाईला म्हणत्यात,
ही पेंडी हाय का दाढीचा ब्रश?
माणसं गोळा झाली.
मला मेल्याहून मेल्यागत झालं."
आणि पदराआड, लाज वाटलेली ती बाई
आवरता आवरेना इतकी हसत होती.

केसपेपरवर लिहिलं:
मेथीवरून भांडले. सुधारणा.
गोळी तीच, मात्रा तीच.

पुढच्या पेशंटसाठी पुन्हा दोन मुळ्या काढल्या.
पोस्टमनपाशी आले
आणि पेन जरा वेळ
त्या बोटभर फटीवर थांबलं.